गादी पाठीला विचारून घ्यावी

मराठी भाषेने ‘गादी’ या शब्दाला मोठा मान दिला आहे. राजा गादीवर बसतो, मठाची गादी गुरूकडून शिष्याकडे जाते, आणि सराफाची बैठक हीही गादीच. सयाजीराव महाराज सन १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर आले, असेच आपण म्हणतो. शिंदे, होळकर आणि गायकवाड यांच्या गाद्यांच्या आश्रयाने ज्यांचे पूर्वज ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोद्यास येऊन स्थायिक झाले, त्या आमच्या वाचकांना या शब्दाची थोरवी निराळी सांगावयास नको. महेश्वरच्या राजवाड्यात अहिल्याबाईंची साधी बैठक ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हेही ठाऊक असेल की गादीची थोरवी तिच्या जाडीवर अवलंबून नसते.

राज्याच्या गादीसाठी वारस पारखून घेत, मुहूर्त काढीत, चार जाणत्यांचा सल्ला घेत. ज्या गादीवर आपण रोज सात-आठ तास पाठ टेकतो, तिची निवड मात्र दहा मिनिटांत उरकली जाते. फ्रिज घ्यावयाचा तर आपण चार दुकाने हिंडतो, शेजाऱ्यांना विचारतो. गादी घेताना मात्र तळहाताने दोनदा दाबून पाहायची, कापडाचा रंग पसंत करायचा आणि भाव पाडून घ्यायचा, एवढ्यावर काम भागते. पुढे आठ-दहा वर्षे त्या घाईची किंमत कोणाची तरी पाठ मोजत राहते.

ती पाठ बहुधा कोणाची असते, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपल्याकडे नवी गादी येते ती लग्नकार्याच्या किंवा दिवाळीच्या निमित्ताने. ती मुलाच्या आणि सुनेच्या खोलीत जाते. त्यांची जुनी गादी नातवंडांकडे आणि नातवंडांची आजी-आजोबांच्या पलंगावर येते. अशा रीतीने घरातील सर्वांत जुनी गादी घरातील सर्वांत जुन्या पाठीच्या वाट्याला येते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. ‘मला आता काय करायची आहे नवी गादी?’ असे म्हणणारी आजीच असते. परंतु पंचविशीतील पाठ खडबडीत सतरंजीवरही झोप काढते. सत्तरीतील पाठीला ते जमत नाही. गादीची खरी गरज जिला आहे तीच ‘नको’ म्हणते, आणि आपण ते खरे मानून मोकळे होतो.

दुसरा एक प्रकार अलीकडे आमच्या गावांतून फार दिसतो. मुले पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी असतात. आई फोनवर पाठदुखीचे नाव काढते आणि आठवड्याच्या आत गुंडाळी करून खोक्यात बसवलेली गादी दाराशी येते. मुलांच्या मायेविषयी शंका नाही. तथापि त्या गादीवर जिने झोपावयाचे, तिला ती कशी हवी हे कोणी विचारलेले नसते. तिचे वजन किती, उंची किती, ती कुशीवर झोपते की उताणी, रात्री तिला किती वेळा उठावे लागते, यांवर गादीची निवड अवलंबून असते. आणि या गोष्टी जाहिरातीत सापडत नाहीत.

आधी पलंग तपासावा

गादी बदलण्यापूर्वी दोष गादीचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. यासाठी पैसा खर्चावा लागत नाही. चादर काढून गादीवर आडवी एक सरळ काठी किंवा पडद्याचा दांडा ठेवावा. मध्यभागी काठीखाली इंचभर किंवा अधिक पोकळी दिसली, तर गादी बसली आहे असे समजावे. मग तीच गादी जमिनीवर टाकून पुन्हा काठी ठेवावी. जमिनीवर पोकळी नाहीशी झाली, तर खोट पलंगाची आहे. नवारीचा पलंग सैल पडला असेल तर नवार ओढून घ्यावी. फळ्या वाकल्या असतील तर सुतारास बोलवावे. झोळ पडलेल्या पलंगावर टाकलेली वीस हजारांची गादीही थोड्याच दिवसांत त्याच झोळात जाऊन बसते.

दुसरी खूण अशी: सकाळी उठताना कंबर धरते, अर्ध्या-पाऊण तासाने मोकळी होते, आणि परगावी नातेवाइकांकडे निजल्यावर मात्र असे होत नाही, तर संशय अंथरुणावर घ्यावा. परंतु दुखणे पायापर्यंत उतरत असेल, पाय बधिर होत असेल, दुखण्याबरोबर ताप असेल, अथवा लघवी-शौचावरील ताबा सुटत असेल, तर गादीच्या दुकानात न जाता आधी डॉक्टरांकडे जावे. तो विषय गादीचा नव्हे.

कठीण म्हणजे उत्तम नव्हे

‘पाठ दुखते ना, मग फळीवर झोपा’ हा उपदेश आपण सर्वांनी ऐकला आहे. कष्ट सोसण्यात काही पुण्य आहे असे मानण्याची आपली जुनी रीत याच्या मुळाशी असावी. शरशय्या भीष्माचार्यांना शोभली. संसारी माणसाने तिचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

आपला पाठीचा कणा काठीसारखा सरळ नसतो. मानेपाशी आणि कमरेपाशी तो आत वळतो, आणि या दोहोंच्या मधे पाठीवर बाहेर येतो. फळीवर उताणे निजले की खांदे आणि नितंब टेकतात, कंबर अधांतरी राहते आणि तिचे स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. कुशीवर निजले तर सारा भार खांद्याच्या व खुब्याच्या हाडावर येतो. उलटपक्षी, फार मऊ गादीत शरीराचा जड भाग, म्हणजे कंबरेखालचा, खोल जातो आणि कणा पाळण्यातल्या मुलासारखा वाकतो. कण्याच्या मणक्यांमधील चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि रात्री पाणी शोषून पुन्हा फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळच्यापेक्षा सुमारे सेंटीमीटरभर अधिक भरते. ही भरपाई नीट होण्यासाठी कण्याला त्याच्या स्वाभाविक वळणात विसावता आले पाहिजे.

याविषयी केवळ तर्कावर विसंबण्याचे कारण नाही. स्पेनमध्ये दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर एक प्रयोग झाला आणि त्याचा वृत्तांत सन २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना कठीण आणि निम्म्यांना मध्यम कठीण गाद्या घरी नेऊन दिल्या. कोणाला कोणती मिळाली हे सांगितले नाही. नव्वद दिवसांनी पाहता, निजल्यावर होणारे दुखणे, उठताना होणारे दुखणे आणि दैनंदिन कामातील अडचण, या तिन्ही बाबतींत मध्यम गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडला होता. फळीचा उपदेश करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

‘मध्यम’ याचा अर्थ मात्र माणसागणिक बदलतो. पंचेचाळीस किलोच्या आजीला जी गादी कठीण लागते, तीच नव्वद किलोच्या मुलाला मऊ लागते. म्हणूनच एकाने दुसऱ्यासाठी गादी पसंत करू नये.

आत काय भरले आहे?

इंदुरात ‘गद्दा’ म्हणा, बडोद्यात ‘गादलुं’, बेळगावात ‘हासिगे’ किंवा हैदराबादेत ‘परुपु’. दुकानदार आता पाच-सहा प्रकार पुढे टाकतो. त्यांची तोंडओळख असलेली बरी.

कापसाची गादी आपल्या ओळखीची. ती घाम शोषते, हवा खेळवते आणि पिंजून पुन्हा नवी करता येते. सहा फूट लांब व तीन फूट रुंद गादीत साधारण दहा-बारा किलो कापूस बसतो. तिचा दोष हा की दोन-तीन वर्षांत कापूस दबून गाठी होतात. पिंजारी मिळत असेल आणि उचल-ठेव करणारे हात घरात असतील, तर ही गादी अजूनही हिणवण्याजोगी नाही. मात्र कापूस डोळ्यांदेखत भरून घ्यावा. गिरणीच्या रंगीत चिंध्यांचा पिंजलेला कचरा पांढऱ्या कापसाखाली सहज दडतो.

काथ्याची गादी नारळाच्या सोडणाचे तंतू रबराच्या चिकाने बांधून करतात. ती टणक आणि हवेशीर असते. वर्षानुवर्षे एकाच जागी निजले की तेथे खळगा पडतो, म्हणून ती वेळोवेळी फिरवावी लागते.

फोमच्या गादीत ‘डेन्सिटी’ हा शब्द कानी पडतो. तो कठीणपणाचा आकडा आहे असा सर्वत्र समज आहे. वस्तुतः तो वजनाचा आकडा आहे. ‘३२ डेन्सिटी’ म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन ३२ किलो. आकडा जेवढा मोठा, तेवढा माल अधिक आणि सामान्यतः टिकाऊपणाही अधिक, मऊ-कठीणपणा निराळा. याची परीक्षा घरच्या वजनकाट्यावर होते. ७२ इंच लांब, ३६ इंच रुंद आणि ४ इंच जाड अशा साध्या फोमचे आकारमान सुमारे ०.१७ घनमीटर भरते. म्हणजे ३२ डेन्सिटीचा तुकडा खोळ वगळून साधारण साडेपाच किलो आणि ४० डेन्सिटीचा पावणेसात किलोच्या आसपास भरला पाहिजे. चार किलोच भरला, तर दुकानदारास नम्रपणे कारण विचारावे. फोमचे तुकडे दाबून चिकटवलेल्या ‘रिबॉन्डेड’ थरास हा हिशेब लावू नये. तो मुळातच जड आणि कठीण असतो.

‘मेमरी फोम’चा उगम विमानाच्या आसनात आहे. सन १९६६ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेसाठी चार्ल्स योस्ट यांनी तो तयार केला. शरीराच्या उबेने तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. यामुळे खांद्यावरचा, खुब्यावरचा दाब कमी होतो हे खरे. पण तो उष्णता धरून ठेवतो, थंडीत कडक होतो, आणि त्यात रुतलेल्या माणसास कूस बदलण्यास अधिक जोर लावावा लागतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात आणि ग्वाल्हेरच्याच जानेवारीत त्याचे वर्तन दोन निराळ्या गाद्यांसारखे असते. गोव्यातील दमट हवेत किंवा बेळगावच्या दीर्घ पावसाळ्यात हवा खेळवणारी गादी अधिक बरी. मग ती काथ्याची असो, रबराच्या चिकापासून केलेल्या लॅटेक्सची असो वा स्प्रिंगची. लॅटेक्स लवचीक आणि टिकाऊ असते, पण महाग आणि वजनदारही. स्प्रिंगच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र कापडी पिशवीत असेल, तर एकाने कूस बदलल्याने दुसऱ्याची झोप मोडत नाही. पती-पत्नींपैकी एकाला रात्री वारंवार उठावे लागत असेल, तर हा गुण मोलाचा आहे.

राहता राहिला ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द. तो भारदस्त आहे, परंतु गादीवर छापलेला असला म्हणजे कोणा अस्थितज्ज्ञाने ती तपासून दिली असे होत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘कठीण’ एवढाच असतो. आणि कठीणपणाविषयी वर सांगितलेच आहे.

वडीलधाऱ्यांची गादी

वृद्ध माणसाच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली उंची. जुन्या पलंगांवर तीन-चार इंचांच्या गाद्या गृहीत धरलेल्या असतात. त्यांवर आठ-दहा इंचांची नवी गादी चढवली की आजीचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि रात्री उठणे धोक्याचे होते. पलंगाच्या कडेवर बसले असता दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकावेत आणि गुडघे काटकोनात असावेत. दुकानात जाण्यापूर्वी पलंगाची उंची मोजून कागदावर लिहून न्यावी.

दुसरी गोष्ट कड. काठावर बसताच गादी दबून घसरगुंडी होत असेल, तर ती वृद्धांच्या कामाची नाही. तिसरी गोष्ट कूस. निरोगी माणूस रात्रीत अनेकदा कूस बदलतो आणि ते आवश्यकही असते. सांधे धरलेल्या माणसाला मदतीवाचून कूस पालटता येते की नाही, हे प्रत्यक्ष निजवूनच पाहावे लागते. जे अंथरुणास खिळलेले आहेत, त्यांच्यासाठी साधी गादी पुरेशी नसते. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून हवा आळीपाळीने भरणारी गादी मिळते. तथापि तिच्यावरही माणसाला ठराविक वेळाने वळवावेच लागते. किती वेळाने, ते डॉक्टरांस विचारावे.

लांबीविषयी आपल्या म्हणीनेच सांगून ठेवले आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे हा उपदेश खर्चाला लागू आहे. खरेदीच्या वेळी मात्र पाय पाहून अंथरूण घ्यावे. उंचीपेक्षा पाच-सहा इंच लांब गादी असावी.

दुकानात

गादीची खरी परीक्षा एकच. तिच्यावर निजून पाहावे, तेही दहा-पंधरा मिनिटे, आपण रोज निजतो त्या बाजूवर, घरची उशी सोबत नेऊन. उताणे निजून कमरेखाली हात सरकवावा. हात सहज आरपार जात असेल तर गादी फार कठीण; मुळीच शिरत नसेल तर फार मऊ; किंचित प्रयासाने जात असेल तर ती आपली. कुशीवर निजल्यावर सोबतच्या माणसाने मागून पाहावे. मान, पाठ आणि कंबर एका सरळ रेषेत दिसावीत.

येथे एक अडचण आहे, तिचा उल्लेख करण्यात आम्हास संकोच वाटत नाही. आपल्या घरांतील स्त्रिया, विशेषतः वयस्क स्त्रिया, परक्या दुकानात चार माणसांदेखत निजणार नाहीत. त्या नुसत्या काठावर बसतात आणि ‘बरी आहे’ म्हणतात. म्हणून आडवारी दुपारी, गर्दी नसताना जावे. सोबत सून किंवा मुलगी असावी. दुकानदारास आधी सांगून ठेवावे, म्हणजे समजूतदार दुकानदार बाजूची खोली किंवा पडदा देतो. तेही शक्य नसेल, तर घरी वापरून परत करण्याची मुदत देणारी गादी घ्यावी. शंभर रात्रींची मुदत देणाऱ्या कंपन्या आहेत. परंतु आपल्या गावातून ती परत नेतात काय, खर्च कोणाचा, आणि डाग पडल्यास काय, हे पैसे देण्यापूर्वी लेखी पाहून घ्यावे. हमीपत्राचेही तसेच. हमी बहुधा कारखान्याच्या दोषाची असते. ‘मला सुखाची वाटत नाही’ या तक्रारीची नसते. पावती जपून ठेवावी आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घेण्यास विसरू नये.

घरी आल्यावर

प्रथम प्लॅस्टिकचे आवरण काढून टाकावे. नवेपण टिकावे म्हणून ते तसेच ठेवून त्यावर चादर घालणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यात घाम अडकतो, अंग ओलसर राहते आणि कूस बदलताच आवाज होतो तो निराळाच. फोमला वास येत असेल तर एक-दोन दिवस खिडक्या उघड्या टाकून हवा लागू द्यावी.

गादीला ऊन दाखवण्याची आपली सवय कापसासाठी योग्यच आहे. फोम, लॅटेक्स आणि काथ्या यांच्या बाबतीत मात्र ती घातक ठरते. कडक उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो आणि रबराचा चीक तडकतो. त्यांना सावलीत वारा पुरे. दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करावी. दोन्ही बाजूंनी वापरावयाची असेल तरच उलटावी. वरचा थर निराळा असलेली गादी उलटू नये.

खर्च एकाच गादीचा झेपणार असेल, तर ती कोणाच्या खोलीत जावी याचा निर्णय वयाकडे आणि दुखण्याकडे पाहून करावा. तरुण जोडप्यास कापसाची गादी पिंजून दिल्याने काही बिघडत नाही. ‘मला नको’ हे वडीलधाऱ्यांचे उत्तर मात्र पहिल्याच खेपेस मान्य करू नये. ‘नवी गादी हवी का?’ असा प्रश्न विचारला की उत्तर नकारार्थीच येते. त्याऐवजी उद्या सकाळी चहाचा पेला हाती देताना एवढेच विचारावे की रात्री कितीदा जाग आली, आणि उठताना कोठे दुखले. त्या उत्तरातून दुकानात काय मागावयाचे, ते आपोआप कळेल.